कयाधूकाठची डबी

हिंगोली,
१० मे २००४

चि. शिवहार यास ताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

आमी इथं खुशाल आहोत, तू बी तसाच असशील. तुझे दाजी ट्रक घेऊन वारंगा फाट्याहून निघाले की कधी परत येतील त्याचा नेम न्हाई. साखरा गाव सोडून आमी हिंगोलीत आलो त्याला आता वर्ष होईल. शाळा चांगली मिळाली, पण सुट्टी लागल्यापासून रागिणी अन् राम एकमेकांच्या झिंज्या उपटून राहिलेत. शेजारच्या पोरी मामाकडं गेल्या म्हणून रागिणी फुगलेली, अन् राम म्हणतो, मला आजीच्या शेळ्यांत नेऊन सोड.

तुला म्हणून सांगते. लेकरं शहरात आणली, पण शहर मी त्यांना दाखवलंच न्हाई. माझा रस्ता खोलीपासून शाळेपर्यंत, अन् येताना किराणा. त्याच्या पलीकडं गेलं की सगळ्या गल्ल्या एकसारख्या दिसतात अन् छातीत धडधडतं. तू पुण्यात राहून शहाणा झालास. फुकटात लेकरं रमतील असं काही असलं तर कळव.

माया आहेच, ती पत्रातून बी दिसू दे.

तुझी ताई,
सत्यशीला

&nbsp;

पुणे,
१९ मे २००४

ती. ताईस शिवहारचा सा. न. वि. वि.

पत्र वाचून हसलो, रागावू नकोस. माळावर एकटी शेळ्या फिरवणारी तू, तुला गल्ली भिववते? ही गोष्ट मी आईला कळवणार नाही. त्याबद्दल दिवाळीला धपाटे करून घाल.

आता कामाचं. माझ्या ऑफिसातला एक जण परदेशातून एक खेळ शिकून आलाय. कोणीतरी शहरात डबी लपवतं आणि तिची जागा आकड्यांत इंटरनेटवर लिहितं. बाकीचे हातातल्या यंत्रावर उपग्रहाकडून वाट विचारत तिथं पोचतात. डबी सापडली की आतल्या कागदावर नाव लिहायचं, एक वस्तू घ्यायची, बदल्यात आपली एक ठेवायची आणि डबी होती तिथंच लपवायची. रविवारी मी पण गेलो. निघाली एक गोटी आणि केसांची पिन. पण त्या नादात टेकडीमागची अशी विहीर पाहिली, जिचं नावही इतक्या वर्षांत ऐकलं नव्हतं.

यंत्राची किंमत मात्र विचारू नकोस. तुम्हाला ते लागणारही नाही. डबीच्या खुणा चिठ्ठीवर लिहा आणि एकमेकांना शोधायला लावा. खणायचं नाही, कोणाच्या दारात शिरायचं नाही, आणि कोणी हटकलं तर खरं सांगायचं.

भाचरांना गोड पापा. तुझा आशीर्वाद पाठीशी आहे म्हणून इथं निभतंय.

तुझा,
शिवहार

&nbsp;

हिंगोली,
२७ जून २००४

ती. मामांना रागिणीचा शि. सा. न. वि. वि.

तुमचा खेळ एक नंबर आहे. औषधाच्या गोळ्यांच्या रिकाम्या डब्या आमी जमा केल्या. पहिली डबी आईनं नळाच्या मागं लपवली, ती रामनं लगेच काढली. मग आमी शेजारच्या निर्मलाबाईला संगं घेऊन लांब जायला लागलो. मामा, टेशनावर एवढी मोठी चिंच आहे अन् तिच्या ढोलीत पोपट राहतात, हे तुमाला माहीत होतं का? वाचनालयाच्या काकांनी आमाला डबी ठेवताना धरलं. आमी खरं सांगितलं. तर त्यांनी स्वतःच एका खिडकीची जागा दाखवली अन् डबीत खडीसाखर टाकली.

पण आई येतच न्हाई. आमी सांगतो तशा खुणा लिहून देती अन् म्हणती, मला कामं आहेत. म्हणून आमी आईसाठी एक डबी कयाधू नदीच्या काठी ठेवली. तिला चिठ्ठी दिली. आठवडा झाला, चिठ्ठी पिठाच्या डब्याखाली पडून आहे. राम रोज विचारतो, आई, आज जाणार का? तुमी तिला जरा रागवा. पण जास्त रागवू नका.

तुमी आमाला इसरू नका, आमी तर तुमचं नाव रोज काढतो.

तुमची भाची,
रागिणी

&nbsp;

हिंगोली,
८ जुलै २००४

चि. शिवहार यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं रागावण्याचं पत्र यायच्या आधीच काम झालं, म्हणून ते टाकू नकोस.

सोमवारी राम आंघोळीला बसला तर गळ्यात ताईत न्हाई. आपल्या आईनं त्याच्या बारशाला दिलेला, चांदीचा. विचारलं तर म्हणाला की काल पुन्हा नदीवर जाऊन तो डबीत ठेवला, तुझ्यासाठी काहीतरी भारी पाहिजे होतं. संध्याकाळी तुमीच जाऊन आणा म्हटलं अन् शाळेत लावून दिलं. दुपारी निर्मलाबाई सांगत आली की वरच्या अंगाला पाऊस झाला अन् कयाधूचं पाणी चढून राहिलं. तिच्या घरी पाहुणे, तिला निघता येईना. मी पिठाच्या डब्याखालची चिठ्ठी काढली अन् कुलूप लावलं.

चिठ्ठीत लिहिलं होतं, टेशनाच्या पुढं जा, रस्ता उतरतो तिथं उतर, नदी दिसली की शेळ्यांना विचार. मी निघाले टेशनाला अन् पोचले भाजीबाजारात. शेवटी एका फुलवाल्याला विचारलं. त्यानं हातातला हार बाजूला ठेवून बराबर वाट सांगितली, माळकरी माणूस होता, वर म्हणाला, सावकाश जा माय.

नदीवर बाभळीच बाभळी. कोणती म्हणावी? शेळ्या तर एक बी न्हाई. मग खाली पाहिलं अन् मला हसू आलं. लेंड्या पडलेल्या, खुरांची बारीक पायवाट थेट पाण्याकडं गेलेली. शिवहार, ती वाट मला वाचता येत होती. पायवाटेच्या टोकाला एक बाभूळ, शेळीचं तोंड पुरंल तिथपर्यंत पाला ओरबाडलेला, बुडाशी दगड, अन् पाणी दगडांना लागलेलं. पाय घसरला, एक चप्पल कयाधूनं नेली. डबी मात्र हाती आली.

आत ताईत होता अन् रामच्या वाकड्या अक्षरात एवढंच, की आई तू आलीस. मी तिथंच चिखलात बसून रडले अन् हसले बी. मग उरलेली चप्पल हातात घेऊन, आल्या वाटेनं न जाता दुसऱ्याच वाटेनं निघाले, मुद्दाम. दोनदा चुकले, दोनदा विचारलं. शाळा सुटायला फाटकात उभी होते. माझे अनवाणी पाय पाहून राम आधी घाबरला. मग मी माझ्या गळ्यात घातलेला ताईत दाखवला तशी दोघांनी तिथंच उड्या मारल्या, सगळी शाळा पाहून राहिली होती.

तेव्हापासून आमी तिघं रोज संध्याकाळी निघतो. नवी चप्पल बी घेतली. काल जुन्या बाजाराच्या मागं गेलो होतो. घरी आल्यावर रागिणी तक्रार करत होती, आई, तू इतकी पुढं पुढं काहून चालतीस, आमाला बी काही सापडू दे की.

लेकरांवर तुझी नजर अशीच राहू दे, अन् माझ्यावर बी.

तुझी ताई,
सत्यशीला