बोअर कुठे मारायची

३ मे १९९९
टँकर आजही आला नाही. सुनंदाने शेजारच्या विहिरीवरून कळशा आणून तिसऱ्या मजल्यावर चढवल्या. कंबर धरून म्हणाली, महिनाअखेर पाणी आलं नाही तर मी चांदीपला बहिणीकडे राहायला जाते. बायकांना धीर कमी. सोसायटीत बोअर मारून दाखवतोच.

५ मे
काल मीटिंगमध्ये पाऊण तास बोललो. टँकरवाल्याची गुलामी किती दिवस? टाळ्या. बोअर मंजूर. पण जागा कुठली, गोडं लागेल की खारं, कुणीच सांगेना. तळमजल्यावरचा फर्डिनंड म्हणाला, आमच्या गिरीजच्या वाडीत एक विहीर गोडी, बाजूची खारी, कोनाला विचारनार? नारलवाल्याला बोलवा. तळहातावर आडवा नारळ घेऊन चालायचं, पाणी असेल तिथे तो उभा राहतो म्हणे! अंधश्रद्धा, मी कडाडलो. चेअरमन चंद्रहासराव जांभई देत म्हणाले, मग जागा तुम्हीच दाखवा, वक्ते.
स्वीकारलं.

११ मे
भूजलावर दोन पुस्तकं वाचली. दोन्ही उत्तम. आमच्या कंपाउंडबद्दल मात्र काही नाही.

१४ मे
थकलो. गेटजवळ की मागे? दोन्हीकडे सारखाच अंधार. सुनंदा म्हणाली, डोळे मिटून बोट दाखवा, मशीन तरी येऊ दे. अविवेक!

१६ मे, दुपार
सगळे झोपलेले. नारळ घेऊन कंपाउंडमध्ये फिरलो. फक्त अंधश्रद्धेची तपासणी म्हणून. सायकल स्टँडपाशी हात भरून आला, नारळ कलला.
संध्याकाळी जागा जाहीर केली: सायकल स्टँड. लोकांनी कारण विचारलं. शास्त्रीय, म्हणालो.

२२ मे
पाणी लागलं! धो धो. चंद्रहासरावांनी ओंजळभर तोंडात घेतलं आणि थुंकले. खारं. मी समजावलं, पाणी लागणं हा माझा मुद्दा होता, चव हा वेगळा विषय. फर्डिनंड म्हणाला, बरोबर आहे सर, नारलाला चव कुठे कलते. दुपारी त्याची खिडकी उघडी असते, हे ध्यानात आलं नव्हतं.

३१ मे
सुनंदाने बॅग भरली. विचारलं, चांदीपला तरी पाण्याची काय खात्री? म्हणाली, काहीच नाही. खात्री इथली आहे, म्हणून तर जाते.
म्हटलं, थांब, यावर उत्तर आहे. ती चप्पल घालेपर्यंत सुचलं नाही.

३ जून
टँकर आला. रांगेतल्या बायकांपुढे स्वावलंबनावर चार शब्द बोलायचं ठरवलं होतं. आधी कळशी वर नेऊ म्हटलं. दुसऱ्या मजल्यावर पायरीवरच बसलो. वरून शेजारच्या विनयाताई उतरत होत्या. त्यांनी विचारलं, भाऊ, सुनंदा कधी येणार?
माहीत नाही, म्हणालो. पुढे श्वास पुरला नाही.