सूर्याले बटन नाई

अमरावती
७ सप्टेंबर २०२५

ती. ललिताताईस नीलमचा सप्रेम जयभीम. वि. वि.

ताई, फोनवर आकांक्षाचा आवाज आयकला का मले रडू येते. म्हून चिठ्ठी. देवमनभाऊ रोज बडनेऱ्याहून अकोल्याले ड्यूटीवर येतात, त्यायच्या हाती धाडली. पोरगी दूध पेते काय? दुसरा दात आला काय?

इथं सोलर शिकवणाऱ्या मास्तरायचीच शाळा भरली हाय. शिकवाले डेन्मार्क देशातून इंगामॅडम आल्या, संगं त्यायचं बोलणं मराठीत सांगणारी पोरगी. अकरा सर, सारे डिप्लोमावाले, अन् मी एकटी नववीत शाळा सुटलेली. दर्यापूरकडं तीन वर्सं वावरात सोलर प्लेटा बसवल्या, म्हून मले घेतलं. पास झाली तर दर्यापुरात पोरीयले शिकवाची नोकरी.

पुढच्या सोमवारी पाहुणे पाहाले येतीन, त्यायच्यापुढं एकेकानं छतावर धडा शिकवून दाखवाचा हाय. त्या अकरातले मोठे सर म्हणाले, नीलमबाई, तुमी खालीच बसा, पाहुण्यायच्या चहाचं पाहा, नाईतर आपली इज्जत जाईन.

अन् खरं सांगू, मलेही छताचं भेव वाटते. आधी नोतं वाटत. पोरगी झाली तवापासून शिडीवर पाय कापतात. मले काही झालं तर तिचं काय? वापस येऊ काय?

माया पातळ होऊ देऊ नको.

तुही,
नीलम


अकोला
१० सप्टेंबर २०२५

चि. नीलमले मंगलकामना.

पोरगी मजेत हाय. दात आला, अन् पयल्यांदा मलेच चावली. पण झोपताना गोधडीसाठी भोकाड पसरते. पोरगी माह्या पदरात टाकली अन् तिची गोधडी घेऊन पयाली तू! वास घेत झोपत असशीन. आईच्या लुगड्याची ती गोधडी मी भाचीसाठी शिवली, तुह्यासाठी नाई.

वापस येजो, पण धडा देऊन. तुह्या सासूले काय सांगू, अमरावतीले चहा कराले गेली होती म्हून? चहा तर तिच्या घरीही होते. लहानपणी विहिरीत बादली पडली तवा दोर धरून कोण उतरलं? थरथरत होती, पण उतरली. भेव वाटते तर वाटू दे. मोठ्या सराले म्हण, चहा तुमीच करा, साखर कमी टाका.

संघपालजवाई रविवारी पोरीले भेटून गेले.

आठवण ठेवजो, अन् जेवत जाजो.

तुही,
ललिताताई


अमरावती
१६ सप्टेंबर २०२५

ती. ताईले जयभीम. वि. वि.

काल चहा केला नाई. गोधडी काखेत मारली अन् पाय कापत चढली. मोठ्या सरानं पाह्यलं, पण पाहुण्यायपुढं काय बोलतीन?

पयला धडा त्यायचाच. भर दुपार, आठ प्लेटा, पंप चालू. सर म्हणाले, खालचं लाइटीचं मेन बटन बंद केलं, आता तार मेली. अन् प्लेटाच्या तारेचा जोड ओढाले वाकले. पंप तर सीधा प्लेटावर चालते, तो गुरगुरूनच राह्यला होता! मी अशी वरडली का इंगामॅडमच्या हातची वही पडली. हात काढा म्हटलं. आधी प्लेटाकडचा खटका पाडला.

मंग सराची जागा मीच घेतली. एका प्लेटवर गोधडी टाकली, मीटरचा आकडा पडला. उचलली, वापस चढला. म्हटलं, सर, घरच्या लाइटीले बटन हाय, सूर्याले बटन नाई. दिवस हाय तवरिक प्लेट जित्ती हाय.

मॅडमनं विचारलं, हे कोणं शिकवलं? म्हटलं, भेवानं. लेकरू हाय मले, मराचं नाई.

पास झाल्याचा कागद भेटला नाई, ताई. दहावी पायजे म्हणे. म्हटलं, सतरा नंबरचा फॉर्म भरीन, घरून दहावी देईन. पण तवरिक चहा करणार नाई. इंगामॅडम म्हणाल्या, पुढच्या महिन्यात नवे बारा सर येतात, त्यायचा पयला धडा नीलमबाईचा. सासूले हेच सांगजो.

पाय अजूनही कापतात. कापू दे.

गोधडीवर मॅडमनं चिठ्ठी लावली, ‘शिकवण्याचं साहित्य’, अन् कपाटात ठेवली. आता तिले पोरीचा नाई, उन्हाचा वास येते. शनिवारी आकांक्षाले घ्याले येतो. तवरिक दुसरी शिवून ठेव. तिची गोधडी आईच्या आधी नोकरीले लागली.

रागाव, पण माया तशीच ठेव.

तुही,
नीलम