एकटेपणाच्या दृश्यातून घरची माणसे व बकरी वगळल्याबाबत

प्रति,
मा. निमंत्रक,
परीक्षण समिती, 'माझं गाव, माझा कॅमेरा' लघुपट स्पर्धा,
वर्धा.

विषय : 'उरलेला बाप' या पारितोषिकप्राप्त लघुपटातील कथनशैली व कॅमेरातंत्रामुळे अर्जदाराच्या सुनेची झालेली बदनामी दूर करण्याबाबत.
संदर्भ : रोहणा येथे गेल्या रविवारी झालेले जाहीर प्रदर्शन.

महोदय,

चाकाच्या शोधानंतर मानवजातीला कॅमेऱ्याइतके कोणी हलवले नाही, असे माझे ठाम मत आहे. आमच्या घरी मात्र त्याने माझी भाकरी अर्धी केली.

१) सदर लघुपट शेजारच्या बापूरावांची मुलगी अपेक्षा हिने केला. मुलांनी टाकून दिलेला म्हातारा मी केला. मुलगी गुणी आहे. अडचण तिथूनच सुरू होते.

२) पहिल्याच दूरच्या दृश्यात मी ओसरीवर एकटा दिसतो. वास्तविक मुलगा रुपेश, सून माधवी, दोन्ही नाती व एक बकरी कॅमेऱ्यामागे श्वास रोखून उभी होती. माझ्या चेहऱ्यावर उजेड पडावा म्हणून थर्माकोलचा तुकडा धरून अपेक्षाची आई कमलाबाई उभ्या होत्या. पुढे कॅमेरा हळूहळू माझ्या डोळ्याशी येतो व अश्रू ओघळतो. यास तंत्र म्हणावे, की माधवी आत मिरच्या भाजत होती असे म्हणावे, हे समितीने ठरवावे. ताटात अर्धी भाकरी दिसते. आधीच्या अडीच संकलनात गेल्या. त्याच वेळी माधवीने विचारलेले, "मामाजी, आनखी एक देऊ काय?" हे वाक्य काढून तिथे बासरी घातली आहे. बासरी उत्तम आहे.

३) प्रदर्शनानंतर कमलाबाई डोळे पुसत वांग्याची भाजी घेऊन आल्या. थर्माकोल आपणच धरला होता याची आठवण दिली असता म्हणाल्या, "तवा मले कुठं दिसलं भाऊजी, पडद्यावर दिसलं." सेलूहून माधवीच्या आईचा फोन आला, तो बराच वेळ चालला. आर्वीच्या बसमध्ये लघुपट पाहिलेल्या एका अनोळखी बाईने माधवीला पाहून शेजारच्या रिकाम्या सीटवर पिशवी ठेवली. तेव्हापासून माधवी मला अर्धीच भाकरी वाढते. कारण विचारले तर म्हणते, "पिच्चरमंधी तेवढीच होती ना."

४) इथवर मी हसत होतो. परंतु परवा बक्षीस देताना समितीने मंचावरून माझ्याबद्दल 'हा अभिनय वाटतच नाही' असे जाहीर केल्यापासून ती माझा चेहरा निरखत असते. काल ताट ठेवताना म्हणाली, "मामाजी, खरं सांगा. तुमाले आमच्यात एकटं एकटं वाटते काय?" मी नाही म्हटले. तिला पटले नाही. समिती तज्ज्ञ आहे, मी नुसता सासरा.

सबब, कॅमेऱ्यामागची सर्व मंडळी दाखवून, बासरी काढून, लघुपट जिल्हाभर पुन्हा दाखवावा, अशी मागणी मी करणार होतो. पण त्यात अपेक्षाचे बक्षीस जाईल, आणि पोरीने काम खरोखर चांगले केले आहे. म्हणून विनंती एवढीच, की माझ्याबद्दलचे मत 'अभिनय सुमार' असे दुरुस्त करून माधवीला फोनवर कळवावे. शक्यतो संध्याकाळच्या स्वयंपाकाआधी.

आपला नम्र व सुमार,
डोमाजी चिंधूजी खोडे
रोहणा, ता. आर्वी, जि. वर्धा
दि. १३ फेब्रुवारी २०२५