कंगव्यातले दोन केस

ता. ४ ऑगस्ट

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

इकडे सगळे ठीक, माझ्या डोक्याखेरीज. सरकारने आमच्या प्रयोगशाळेवर समिती नेमली आहे. जुन्या खटल्यांतले नमुने पुन्हा तपासायचे, पण पाकिटावर नाव-गाव नाही, नुसता आकडा. एका पाकिटातले दोन केस मी पाहिले आणि ते वेगवेगळ्या माणसांचे आहेत असे कळवले. मागाहून समजले, जुना अहवाल आपल्या बाबांचा होता. गुन्ह्याच्या जागी सापडलेला केस आणि आरोपीचा केस त्यांनी एकाचेच म्हटले होते, आणि त्यावर एक ड्रायव्हर अजून तुरुंगात आहे. सोमवारी मला समितीपुढे माझ्या अहवालावर सही करायची आहे. हे काम मला शिकवले बाबांनीच. मग चुकले कोण? ते तुझ्याकडेच राहतात, जरा आडून विचारून बघ.

दाजींना नमस्कार. लोभ आहेच, उत्तरही असू दे.

तुझा,
धाकटा

ता. ८ ऑगस्ट

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

आडून विचारणे मला कुठले जमते? पूजा आटोपल्यावर कंगव्यातला माझा एक केस काढला, जाऊबाईंचा एक घेतला, आणि बाबांपुढे कागदावर ठेवले. म्हटले, बघा बरं, एकाच बाईचे आहेत का. बाबा एकदम खुलले. माळ्यावरून जुने भिंग काढायला लावले. तुझ्या दाजींना टोमणाही मारला, की तुमच्याकडून नमुना मिळणे कठीणच. पण भिंग डोळ्याला लावण्याआधी म्हणाले, "आधी कोणाचे ते सांग, मग बघतो."

मला थट्टा वाटली. तर म्हणाले, पोलीस नेहमी आधी सांगत, नाहीतर नेमके काय शोधायचे ते कळणार कसे? मी मुद्दाम सांगितले, दोन्ही माझेच. त्यांनी जाडी, रंग, टोके, सगळे निगुतीने पाहिले आणि म्हणाले, "तुझेच. शंकाच नको."

लबाडी केली नाही रे त्यांनी, मी समोर बसले होते. कोणाचा फुकट चहा न घेतलेला माणूस असा कसा चुकतो, मला काही उलगडत नाही. देवापुढे बसले, तर मागायचे काय तेच सुचेना. बाबांची अब्रू मागावी तर तो ड्रायव्हर आत राहतो. त्याचीही कोणी ताई असेलच. नुसते हात जोडून उठले.

तू सही कर. बाबांना मी अजून काही बोलले नाही. भिंग पुसून उशाशी ठेवले आहे, आणि आणखी कोणाचे केस तपासायचे आहेत का, असे सकाळपासून विचारत आहेत.

माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
ताई