नायकाला उठवल्याबद्दल

पांढुर्णा,
दि. ९ फेब्रुवारी २०२५

तीर्थरूप मामाजींस,
सरलाचा शि. सा. न. वि. वि.

चष्मा बुधवारी मिळणार आणि मिळाला की आपण पहिल्यांदा ती कादंबरीच पुन्हा वाचणार, असे मामींनी फोनवर सांगितले. त्याआधी एक कबुली द्यायची आहे. बोलायला जीभ रेटत नाही, म्हणून पत्र. हे उद्या सौंसरला येतील, त्यांच्या हाती देते.

डोळ्यांच्या ऑपरेशननंतर आपण तीन आठवडे इथे होतात आणि रोज दुपारी मी ती वाचून दाखवली. आपण तीस वर्षे वर्गात जिच्यावर डोळे पुसले, ती कादंबरी मला आवडत नाही. बी.ए.ला आवडली नाही. चाळिशीनंतर आवडेल असे वाटले होते. दोष माझाच असेल, असे रोज डायरीत लिहिले, पण त्याने पाने संपेनात.

आधी नदीचे वर्णन गाळले. मग नायक दगडावर बसून विचार करतो, तो अध्याय. पुढे धीर चेपला. मी त्याला उठवले, आंघोळीला पाठवले. दोनशे पाने गप्प असलेल्या त्याच्या बायकोने माझ्या तोंडून विचारले, की तुम्ही इथं बसून राहिले, तर कापूस काय हा गोटा वेचणार? आपण खळखळून हसलात आणि मामींना हाक मारून म्हणालात, याला प्रतिभा म्हणतात. तेव्हापासून मला चैन नाही.

आता ते पान आपल्याला सापडणार नाही. लहानपणापासून माझ्या वाचनावरचा आपला विश्वास मी तीन आठवड्यांत घालवला. रागवा, पण अबोला धरू नका. राग जाऊन उरेल तेवढा लोभ ठेवावा.

आपली भाची,
सरला

सौंसर,
दि. १४ फेब्रुवारी २०२५

चि. सरलास,
अनेक आशीर्वाद.

चष्मा आला. तुझे अक्षर सुधारले नाही, हे आता स्पष्ट दिसते.

ती कादंबरी मला पाठ आहे. नदी गाळलीस तेव्हाच कळले. टोकणार होतो, पण बरे वाटले, आणि बरे वाटल्याची लाजही वाटली. प्रतिभा म्हणालो ते तुझ्याबद्दलच. मामीला सांगितले, तर म्हणते, तीस वर्षं पोरांना छळलं अन् आता समजून राहिलं तुम्हाला.

तुझ्यावर राग नाही. घोर वेगळाच लागला. सत्त्याण्णव साली सुरेश नावाच्या मुलाने सहामाहीच्या पेपरात लिहिले होते, नायक काहीच करत नाही, मला कंटाळा आला. मी शून्य दिले आणि ते उत्तर वाचून वर्गाला हसवले. नंतर त्याने वर्षभर हात वर केला नाही. इथे त्याचे औषधाचे दुकान आहे. मी डोळ्यांचे थेंब दुसरीकडून आणतो.

काल तुझे पत्र खिशात घालून त्याच्याकडे गेलो. त्याने उठून खुर्ची पुसली. मी सांगितले, की तुझे उत्तर बरोबर होते. त्याने गोळ्यांची पाकिटे फळीवर लावली. मग म्हणाला, सर, तोंडी नको, लिहून द्या. खिशात थेंबांसाठी डॉक्टरांनी दिलेली चिठ्ठी होती, तिच्याच मागे लिहिले, पाचपैकी पाच, आणि खाली सही केली. त्याने तारीखही घालायला लावली.

कागद त्याने काउंटरच्या काचेखाली ठेवला आहे. थेंब मात्र मला नवीन चिठ्ठीशिवाय देत नाही.

लोभ आहेच, वाढला तर वाढू दे.

तुझा मामा,
भैय्याजी