राख कुठं टाकता?

कडेगाव, मंगळवार संध्याकाळ

आज वडिलांची, आप्पांची, राख नदीत न सोडता शेतात पुरली, वर आंब्याचं रोप लावलं. "नदी घाण करायची न्हाई," हे आप्पांचंच सांगणं.

दिवाळीत मी माझ्या अणुवीज केंद्राच्या बढाया मारत होतो. कोळशासारखा धूर नाही, अपघात होऊ नये म्हणून किती बंदोबस्त!

आप्पा म्हणाले, "व्हय रं, पर तुमच्या भट्टीची राख कुठं टाकता?"

"सांभाळून ठेवतो."

"कवापतोर?"

"तुमाला काय कळतंय त्यातलं!" सगळ्यांसमोर ओरडलो. ती राख हजारो वर्षं विषारी राहते, एवढंच सांगायचं होतं. जीभ रेटली नाही. कोळशापेक्षा आमची वीज बरी, असं आजही वाटतं. मग ओरडलो कशाला?

आप्पांची राख कुणाला सांभाळावी लागली नाही. कळशीभर पाणी ओतलं, मातीत मिसळून गेली.