चार खांब, आडवा एकही नाही

अण्णा,

काल अबुधाबीच्या मैदानात एवढ्या गर्दीत मी एकटीच नको त्या वेळी टाळ्या वाजवत उभी राहिले, आणि तुमची नात लाजून खुर्चीत खाली घसरली. कालपासून कुणाला तरी हे नीट, पहिल्यापासून सांगावंसं वाटतंय. घरात सांगून बघितलं. नवरा म्हणाला, "छान झालं", आणि फोनकडं वळला. त्याचं चुकलं नाही. ज्यानं आयुष्यात कधी एखादा खांब सरळ उभा केलाय, त्यालाच हे कळणार. म्हणून तुम्हाला लिहितेय. तुम्ही जाऊन चौदा वर्षं झाली, आणि आता शारजातल्या स्वयंपाकघरात डाळ शिजेपर्यंत बसून मी तुम्हाला एका खेळाबद्दल सांगणार आहे. तुम्ही तर क्रिकेटलासुद्धा दिवसभर उन्हात उभं राहायचा धंदा म्हणायचात.

ऑस्ट्रेलियाचा स्वतःचा एक फुटबॉल आहे. चेंडू लांबट, दोन्हीकडं निमुळता. मैदान क्रिकेटसारखं लंबगोल, आणि एका बाजूला अठरा गडी. हातानंही खेळतात, पायानंही, आणि झेल घ्यायला खुशाल दुसऱ्याच्या खांद्यावर गुडघा देऊन वर चढतात. गोलला जाळी नाही. दोन्ही टोकांना नुसते चार-चार खांब, मधले दोन उंच आणि कडेचे दोन त्याहून ठेंगणे. मधल्या दोघांतून लाथेनं चेंडू काढला तर सहा गुण. मधला आणि कडेचा यांच्यामधून गेला तर एक. आणि उंच खांबाला लागला तर, कितीही सुंदर मारलेला असो, एकच. तिथला हंगाम सुरू व्हायच्या आधी व्यावसायिक संघ सरावाची स्पर्धा खेळतात, ती यंदा इथल्या क्रिकेटच्या मैदानावर ठेवली होती. मैदान तयार होतं, गवत तयार होतं, खांब नव्हते. ते खांब मी केले, अण्णा. आठच्या आठ.

मी इथं शारजातल्या हमरिया फ्री झोनमध्ये एका फॅब्रिकेशन कंपनीत प्रॉडक्शन बघते. आमच्याकडं टाक्यांच्या शिड्या, पाइपांचे रॅक, जहाजांचे कठडे असली कामं. खांबांचं ड्रॉइंग ई-मेलनं आलं तेव्हा ऑफिसात सगळ्यांनाच मजा वाटली. मी ते बघितलं आणि मला वाटलं, यात काहीतरी राहिलंय. शेजारी दुबईत रग्बीचे गोल मी येता-जाता पाहिलेत, दोन खांबांच्या मध्ये आडवी दांडी असते. ती या ड्रॉइंगमध्ये नव्हती. आमचा फोरमन पंजाबी आहे, साठीला आलेला, सगळे त्याला उस्ताद म्हणतात. तो कागद घेऊन आला. "मॅडम, इसमें आड़ा पाइप तो है ही नहीं."

मी म्हटलं, "रह गया होगा, उस्ताद. लगा दो."

एक ई-मेल टाकायची होती, दोन ओळींची. टाकली नाही. वीस वर्षांचा अनुभव असलेल्या बाईनं असलं काय विचारायचं, असं वाटलं असणार. उंच खांबांवर दांडी बसवायला जाड प्लेटा वेल्ड करून घेतल्या आणि एक जोडी शेडमध्ये आडवी जुळवूनही ठेवली. मग स्पर्धेचा एक ऑस्ट्रेलियन माणूस काम बघायला आला, मैदानाची सगळी व्यवस्था त्याच्याकडं होती. उंच, मान उन्हानं लाल झालेली, बोलायला सावकाश. त्यानं वेल्डवरून बोट फिरवलं, दांडीकडं बघितलं, टोपी काढली आणि म्हणाला, "ब्यूटिफुल वेल्डिंग. राँग गेम."

शेडमध्ये कुणी हसलं नाही. उस्तादनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही, आणि तेच जास्त लागलं.

तुम्हाला ते फाटक आठवतंय का? मी डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला, सुट्टीत तुमच्या कुपवाडच्या वेल्डिंगच्या शेडवर यायचे. मिरजेच्या एका बाईंचं फाटक होतं, आणि तुम्ही बँकेत गेला होता. बिजागऱ्या कुठल्या बाजूला हे चिठ्ठीवर लिहिलेलं नव्हतं. मी ठरवलं डावीकडं, आणि लावून टाकल्या. बसवायला गेल्यावर कळलं की डावीकडं त्यांची म्हैस बांधलेली असते आणि फाटक अर्धंसुद्धा उघडत नाही. तुम्ही मला तिथंच, त्या बाईंसमोर विचारलंत, "ठावं न्हवतं तर इचारायचं न्हाईस? इचारायला काय जीभ झिजती व्हय?" आणि मलाच त्यांची माफी मागायला लावलीत. परत येताना एम-एटीवर तुमच्यामागं बसून मी रडले. तुम्ही गाडी थांबवून उसाचा रस पाजलात, पण बोललेला एक शब्द माघारी घेतला नाहीत. आणि तरी मी बाविसाव्या वर्षी नोकरीला लागले तेव्हापासून असं न विचारता किती ठिकाणी डावीकडं बिजागऱ्या लावल्या असतील, देव जाणे.

मी मालकांकडं गेले आणि चूक माझी आहे, उस्तादनं विचारलं होतं, असं स्पष्ट सांगितलं. मालकांनी घड्याळ बघितलं. "यल्ला, जो करना है करो. गुरुवार को ट्रेलर निकलेगा, खलास."

प्लेटा कापून काढणं सोपं होतं. पण वेल्ड निवताना पाइपाला आपल्याकडं ओढतो, हे तुम्हाला सांगायला नको. कापून, घासून, गुळगुळीत केल्यावर बघितलं तर चारही उंच खांब बरोबर त्या जागी वाकलेले. पंधरा मीटरचा पाइप जमिनीवर आडवा ठेवून एका टोकाला डोळा लावला की बाक चांगला दिसत होता. नवीन पाइप यायला तीन आठवडे, हातात चार दिवस. उस्ताद म्हणाला प्रेसवर दाबू. मी म्हटलं, दाबला तर पाइप चेपेल. आणि मग मला आपल्या शेडमधला तो उसाच्या ट्रॉलीचा वाकडा साटा दिसायला लागला, त्या चौकटीच्या फुगलेल्या बाजूवर गॅसनं काढलेल्या लाल पट्ट्या आणि त्यावर टाकलेलं ओलं पोतं. तुम्ही म्हणायचात, लोखंड तापलं की पसरतं, पण निवताना पसरलं त्याहून जास्त आखडतं.

मी उस्तादला म्हटलं, "गॅस लाओ. उल्टी साइड से गरम करेंगे."

त्यानं पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं. "आपको आता है?"

"देखा है."

पहिल्या खांबाला अर्धा दिवस गेला. पट्टी तापवायची, निवू द्यायची, दोरी ताणून बघायची. दुसऱ्याला उस्तादचा हात बसला, आणि चौथ्याला त्यानं मला जवळसुद्धा येऊ दिलं नाही. दोरी पाइपाला सगळीकडं सारखी टेकली तेव्हा तो म्हणाला, "ये कंपनी में किसी को मत सिखाना, मेरी नौकरी जाएगी." एवढंच, पण मी त्या आनंदात दोन दिवस होते. गुरुवारी खांब पांढरे रंगवून ट्रेलरवर चढले आणि मी गाडीनं त्यांच्यामागं, जबल अलीच्या पुढं अबुधाबीपर्यंत. लाल फडकं बांधलेली त्यांची टोकं समोर हलत होती. मला गाडी चालवताना हसू येत होतं.

पण उभे केल्यावर पुन्हा घोटाळा. दुपारी साडेतीनला सर्व्हेयरनं दुर्बीण लावली आणि म्हणाला, चारही उंच खांबांची टोकं पूर्वेला गेलीत, जवळजवळ तीन सेंटिमीटर. खांब उभे करणाऱ्या कंत्राटदाराची माणसं पाने घेऊन बुडाचे नट ढिले करायला वाकलीसुद्धा. मी म्हटलं, थांबा. सगळे थांबले. चूक एकदा झालीच होती, आता दुसऱ्यांदा झाली तर हमरियात तोंड दाखवायला जागा नव्हती.

पण चारही एकाच दिशेला आणि सारखेच कसे कलतील? मला झेडपीच्या शाळेचा झेंड्याचा खांब आठवला. मी सहावीत होते. तुम्ही बसवलेला खांब वाकडा आहे म्हणून हेडमास्तर संध्याकाळी घरी आले होते. तुम्ही वाद घातला नाहीत. दुसऱ्या दिवशी उजाडताना मला गाडीवर घेऊन शाळेत गेलात, दोरीला ओळंबा बांधून वरून सोडलात, वाऱ्यानं हलू नये म्हणून त्याचं वजन पाण्याच्या बादलीत बुडवलंत, आणि हेडमास्तरांना बोलावून दाखवलंत की खांब सरळ आहे. मग दुपारी मला पुन्हा नेलंत. दोरी तीच, पण खांब कललेला. "ऊन लागलं त्या अंगानं लोखंड लांबतंय, म्हणून त्यो सावलीकडं झुकतोय," तुम्ही म्हणालात. "त्यो वाकडा न्हाई. आत्ता त्याला ऊन लागलंय." मला ते इतकं आवडलं होतं की मी आठवडाभर वर्गात सगळ्यांना सांगत सुटले होते.

मी त्या ऑस्ट्रेलियन माणसाला सांगितलं, आज हात लावू नका, उद्या सूर्य उगवायच्या आधी बघू. कंत्राटदार चिडला. तो माणूस मात्र खांबाच्या एका बाजूला हात लावून बघत होता, मग दुसऱ्या बाजूला. "मॉर्निंग, देन," म्हणाला.

सकाळी सहाला मी मैदानात उभी होते. गवतावर दव होतं, आणि दुर्बिणीत आधी तो ऑस्ट्रेलियन माणूसच वाकला. एक खांब, दुसरा, मग पलीकडच्या टोकाचे दोन. प्रत्येक वेळी मी त्याच्या चेहऱ्याकडं बघत होते. चौथा बघून तो सरळ झाला आणि त्यानं अंगठा वर केला. चारही खांब ओळंब्यात. मी शेडला फोन केला. उस्ताद म्हणाला, "मालूम था." त्याला काहीही मालूम नव्हतं, अण्णा.

आणि काल सामना. मला खेळातलं अर्धं कळत नव्हतं, लेक फोनवर नियम वाचून मला समजावत होती. मी तिला मराठीत विचारते, ती इंग्रजीत सांगते, आमचं असंच चालतं. चार डावांतला तिसरा चालू होता. निळ्या संघाचा एक लांब हातापायांचा पोरगा पन्नासेक मीटरवरून धावत आला आणि त्यानं लाथ मारली. चेंडू वर चढला, वळला, सगळं मैदान उभं राहिलं, आणि तो डावीकडच्या उंच खांबाला वर, बुडाला गुंडाळलेल्या पॅडिंगच्या बराच वर जाऊन आदळला. टण्ण. असा स्वच्छ आवाज की मला आमच्या जागेवर ऐकू आला. खांब थरथरला आणि जागच्या जागी स्थिर झाला. सगळे "ओह" करून खाली बसले. त्या पोरानं डोकं धरलं. मी उभीच, टाळ्या वाजवतेय.

"आई, प्लीज सिट डाउन. दॅट्स ओन्ली वन पॉइंट."

"तो खांब माझा आहे," मी म्हटलं.

"आय नो. एव्हरीवन नोज नाऊ."

कारण पुढच्या रांगेतला एक म्हातारा वळून हसत होता. मग त्यानंही दोनदा टाळी वाजवली, बहुतेक माझ्यासाठी. नंतर आणखी दोनदा चेंडू खांबाला लागला, आणि दुसऱ्या वेळी माझ्याबरोबर लेकसुद्धा उठली. कोण जिंकलं ते मी घरी आल्यावर तिला विचारलं.

कुकरची तिसरी शिट्टी झाली. गॅस बंद केलाय, पण एक गोष्ट मी मघाशी गाळली. त्या सकाळी चौथा खांब बघून झाल्यावर त्या ऑस्ट्रेलियन माणसानं मला विचारलं होतं, "हू टॉट यू दॅट?" अगदी साधेपणानं, कौतुकानं. आणि मी म्हणाले, इंजिनियरिंग कॉलेज. तुमचं आठवीपर्यंतचं शिक्षण, शेड, बादली हे सगळं इंग्रजीत सांगायला एक मिनिट लागलं असतं, आणि कंत्राटदार शेजारी उभा होता. कॉलेजात मला हे कुणीही शिकवलं नाही. तो "गुड कॉलेज" म्हणाला आणि मी मान हलवली.

उद्या खांब उतरवायला तो येणार आहे, मीही जाणार आहे. त्याला खरं सांगेन, इन्शाल्ला. आज तरी तसं ठरवलंय.